फोन मेला नाही, दमलाय!

परवा एका चकाचक, एसी, लॅव्हेंडरचा वास मारणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये मला सांगण्यात आलं की माझा फोन म्हातारा झालाय. वय वर्षं साडेतीन!

टोकन नंबर ४७. काउंटरवरचा मुलगा माझ्यापेक्षा लहान, गळ्यात आयकार्ड, बोलणं एकदम मधाळ. त्याने फोन उलटा केला, सुलटा केला, चार्जर लावून पाहिला आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जसं आयसीयूतून बाहेर आलेला डॉक्टर नातेवाइकांकडे बघतो.

"मॅम, बॅटरी गेलीय. चार्जिंगचाही इश्यू आहे, म्हणजे सब-बोर्ड बदलावा लागेल. उघडताना बॅक ग्लास क्रॅक होऊ शकते, तीही धरून चाला. टोटल नऊ हजार आठशे. प्लस टॅक्स."

मी गप्प. (नऊ हजार आठशेमध्ये मी काय काय करू शकते, याची यादी डोक्यात सुरू झाली होती.)

"आणि मॅम, डेटा जाईल. रिपेअरला घेताना फॉर्मॅट करावा लागतो, पॉलिसी आहे." मग आवाज आणखी मऊ करून म्हणाला, "त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये टाका ना. नवं मॉडेल आलंय. याचे अडीच हजार मिळून जातील."

म्हणजे बघा हं. मी गेले होते बॅटरी बदलायला आणि माझ्यासमोर प्रस्ताव काय, तर फोनच बदला. टीव्हीचा रिमोट चालेना म्हणून सेल आणायला जावं आणि दुकानदाराने नवा टीव्ही दाखवावा, त्यातलाच प्रकार!

एरवी मी कदाचित भुललेही असते. नवा फोन कुणाला नको असतो? पण त्या फोनमध्ये अकरा रेकॉर्डिंग्ज होती. जुने वाडे सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या आज्यांवर मी एक मोठी स्टोरी करतेय, त्यासाठी महिनाभर पेठांमधून फिरून घेतलेल्या मुलाखती. त्यातल्या एक आजी आता मुलाकडे नागपूरला कायमच्या गेल्यात. स्टोरी द्यायला उरले होते पाच दिवस, आणि तिचं मानधन म्हणजे माझ्या वाटणीचं एका महिन्याचं घरभाडं.

"बॅकअप घेतला नव्हतास?" असं आता तुम्हीही विचाराल. सगळ्यांनी विचारलं. नव्हता घेतला! 'स्टोरेज फुल' असा मेसेज फोन मला कित्येक महिने दाखवत होता आणि मी तो कित्येक महिने डावीकडे ढकलत होते. तुम्हीही ढकलता, मला माहितीय. आणि आता घ्यावा तर केबल लागत नव्हती. चार्जर एका विशिष्ट कोनात, खाली उशी आणि वर पुस्तक ठेवलं तरच चार्जिंग व्हायचं. वायफायवरून फाइल पाठवावी तर अर्ध्यात फोन बंद. स्क्रीनवर बॅटरी तीस टक्के आणि पुढच्या सेकंदाला काळोख.

फॉर्मॅटच्या फॉर्मवर सही न करता मी तिथून बाहेर पडले.

घरी आल्यावर रूममेटने तिचा नेहमीचा फंडा ऐकवला. ती हिंजवडीत आयटीत आहे आणि दर दोन वर्षांनी फोन बदलते, दिवाळीत पडदे बदलावेत तितक्या सहजपणे. "अगं, तू तुझ्या वेळेची किंमतच धरत नाहीस. नो-कॉस्ट ईएमआय टाक, महिन्याला अडीच हजार, कळणारसुद्धा नाही."

कळणारसुद्धा नाही, हीच तर गोम आहे! म्हणून मी कागद-पेन घेऊन बसले. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, हे रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३मध्ये बँकांना सुनावलं होतं. त्यामुळे आता होतं काय, तर व्याज बँक घेतेच, फक्त तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी आधी डिस्काउंट म्हणून कापून देते. म्हणजे तीस हजारांचा फोन, बारा हप्ते, हप्ता अडीच हजार. कार्डाचा दर सोळा टक्के धरला तर त्या तीस हजारांत साधारण दोन हजार साडेचारशे व्याज लपलेलं असतं. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लागतो आणि तो कुणीही डिस्काउंटमध्ये देत नाही. झाले ४४० रुपये. बँकेची प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. फार नाही, मान्य. पण 'नो-कॉस्ट'चा अर्थ 'नो' कुठाय? आणि रोख घेणाऱ्याला तोच डिस्काउंट मागता आला असता, तर त्याला फोन स्वस्तात पडला असता, हा हिशेब तर कुणी मांडतच नाही.

"तू बोअर आहेस," रूममेट म्हणाली आणि तिने हेडफोन लावले.

तेवढ्यात साताऱ्याहून आईचा फोन. (रूममेटच्या फोनवर. माझा उशीवर झोपला होता.) मी तिला सगळं रामायण सांगितलं. तिचा प्रश्न एकच, "दुरुस्त करणारा कुणी नाही का तुमच्या पुण्यात?"

आईचा मिक्सर माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. त्याची मोटर दोनदा भरून झाली, खालचा कपलर किती वेळा बदलला ते देवालाही आठवणार नाही, भांड्यांची पाती नवी, झाकण तर तिसऱ्याच कंपनीचं. पण चटणी वाटतो. आईच्या डोक्यात वस्तू 'बिघडते' आणि मग 'दुरुस्त होते'. माझ्या डोक्यात वस्तू 'जुनी होते' आणि मग 'अपग्रेड होते'. एका पिढीत क्रियापदंच बदलली, राव!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाठली बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. पुण्यात राहून जे कधी तिथे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वायर, बल्ब, फॅन, स्पीकर, सोल्डरिंग गन, रिमोट, चार्जर असं विजेवर चालणारं जे काही पृथ्वीतलावर आहे, ते या बोळात मिळतं. पार्किंग सोडून सगळं मिळतं म्हणा ना.

ज्यांच्याकडे मला पाठवण्यात आलं, त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालचं एक काउंटर. त्यावर एक मॅग्निफायर लॅम्प, एक गरम होणारी प्लेट, स्क्रू ठेवायला मसाल्याचा स्टीलचा डबा (खरंच!) आणि मागे पंचवीस वर्षं झिजलेलं स्टूल. माणूस पन्नाशीचा. मी घाईघाईने सगळी हिस्ट्री सांगायला लागले, तर म्हणाले, "ताई, आधी बघू तर दे."

त्यांनी फोन भिंगाखाली धरला, एक बारीक प्लास्टिकची काडी चार्जिंगच्या भोकात घातली आणि हलकेच फिरवली. बाहेर काय आलं माहितेय? कापसाची चक्क एक गोळी. माझ्या जीन्सच्या खिशातल्या साडेतीन वर्षांच्या धाग्यांची. चार्जर लावला. खट्कन बसला. कोन नाही, उशी नाही, पुस्तक नाही.

"सब-बोर्ड?" मी विचारलं.

"बोर्डाला काय झालंय? कचरा होता."

"आणि बॅटरी?"

त्यांनी मीटर लावून पाहिलं. "बॅटरी मात्र गेलीय. बदलावी लागेल. बाराशे. फोन मेला नाही ताई, दमलाय."

मी आधी तिथेच उभं राहून, त्यांच्या चार्जरवर फोन ठेवून, त्यांच्या शेजारच्या दुकानातल्या पेन ड्राइव्हवर अकराच्या अकरा रेकॉर्डिंग्ज काढून घेतली. नागपूरच्या आजींचा आवाज एकदा ऐकून खात्री केली. मग म्हटलं, "उघडा."

उघडण्याचं ते काम बघण्यासारखं असतं. फोनची पाठ गरम प्लेटवर ठेवून आतला गोंद मऊ करायचा, मग गिटार वाजवायच्या चकतीसारखी पातळ चकती कडेने सरकवत न्यायची, काच न तुटू देता. आत बॅटरीसुद्धा चिकटवलेली. ती ओढून काढताना वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून हात एकदम हळू. पाऊण तास लागला. त्यातली चाळीस मिनिटं गोंदाशी मारामारीत गेली. नवी बॅटरी बसवणं पाच मिनिटांचं काम.

"हा गोंद कशाला लावतात?" मी विचारलं.

"पाणी जाऊ नये म्हणून, असं सांगतात," ते म्हणाले. "आम्हीपण जाऊ नये म्हणून असेल."

हसले आम्ही दोघंही. पण घरी येताना बसमध्ये मला तेच वाक्य आठवत राहिलं.

आपल्या लहानपणी बाबांच्या नोकियाचं कसं होतं, आठवतं? हातातून पडला की त्याचे तीन तुकडे तीन दिशांना. पाठ पलंगाखाली, बॅटरी दारात, फोन जागेवर. गोळा करून जोडला की पुन्हा 'हॅलो'! ऑगस्ट २००७मध्ये नोकियाने जाहीर केलं की बीएल-५सी नावाच्या बॅटरीच्या एका मोठ्या लॉटमध्ये गडबड आहे, त्या जास्त तापू शकतात. जगभरातल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या! आमच्या बिल्डिंगमधल्या काकांपासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांनी फोनची पाठ उघडून बॅटरीवरचा नंबर तपासला. ज्यांचा लॉट खराब होता, त्यांना कंपनी बॅटरी बदलून देणार होती. बॅटरी गेली, फोन राहिला.

आता नऊ वर्षं पुढे या. २०१६मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७च्या बॅटऱ्या पेट घ्यायला लागल्या. बॅटरी आत बंदिस्त. त्यामुळे परत काय बोलवावं लागलं, तर अख्खे फोन! पहिल्याच फेरीत सुमारे २५ लाख. आणि बदलून दिलेलेही पेटायला लागल्यावर ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद करावं लागलं. बिघाड दोन्हीकडे बॅटरीचाच. पण एकीकडे झाकण होतं आणि दुसरीकडे गोंद.

गोंदाची बाजूही ऐकून घेऊ. बंद फोन पातळ होतो, पावसात भिजला तरी तग धरतो, आत मोठी बॅटरी बसते. पुण्या-मुंबईच्या जुलैमध्ये टू-व्हीलरवर फिरणाऱ्या कुणालाही वॉटरप्रूफचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. पण लिथियम बॅटरी ही झिजणारीच वस्तू आहे, टायरसारखी. शेकडो वेळा भरली-संपली की तिची ताकद कमी होणारच, आणि रात्रभर उशीखाली शंभर टक्क्यांवर तापत ठेवली तर आणखी लवकर. टायर चाकाला वेल्डिंग करून गाडी विकली असती, तर आपण ती घेतली असती का?

आणि यात पैशांचा खेळ केवढा आहे, ते ॲपलच्याच एका गोष्टीवरून कळतं. डिसेंबर २०१७मध्ये कंपनीने कबूल केलं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जात होता. कारण त्यांनी दिलं की फोन अचानक बंद पडू नये म्हणून. गदारोळ झाला. मग २०१८मध्ये बॅटरी बदलण्याची किंमत अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणली. आणि जानेवारी २०१९मध्ये टिम कुकने गुंतवणूकदारांना पत्र लिहून आयफोनची विक्री अपेक्षेपेक्षा का घटली याची कारणं दिली. चीनमधली मंदी वगैरे मोठी कारणं होतीच. पण त्या यादीत हेही होतं की काही ग्राहकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली!

म्हणजे साधी गोष्ट. बॅटरी परवडली, की लोक फोन बदलत नाहीत. मग बॅटरी परवडू नये यात कुणाचं हित आहे, ते तुम्हीच ठरवा.

तर, फोन सुरू झाला. पण स्क्रीनवर एक सूचना आली. बॅटरी ओळखता येत नाही, अस्सल आहे की नाही सांगता येत नाही. मी घाबरले. काउंटरमागचे दादा शांत. "हे येणारच. पार्टला नंबर असतो, तो फोनच्या बोर्डाशी जुळला नाही की ओरडतो. चालेल व्यवस्थित, पण आता बॅटरीची तब्येत किती टक्के, हे तो दाखवणार नाही."

"मग कंपनीचा पार्ट का नाही घेत तुम्ही?"

"कंपनी मला विकतच नाही, ताई."

इथे माझ्यातली पत्रकार जागी झाली. कारण सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, 'बाहेर डुप्लिकेट पार्ट लावतात.' बाहेरचे म्हणतात, 'आम्हाला ओरिजिनल कुणी देत नाही.' आणि मधल्या मध्ये आपण! भीती खोटी नाही. हलक्या दर्जाची बॅटरी फुगू शकते आणि चांगली-वाईट ओळखायला आपल्याकडे काहीच साधन नसतं. पण तिच्यावर उपाय काय? दादांचं दुकान बंद करणं, की त्यांना चांगला पार्ट रीतसर मिळू देणं?

गाड्यांच्या बाबतीत हा वाद आपल्या देशात होऊन गेलाय. २०१४मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. त्यातला मुद्दा हाच होता, की स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू दिली जात नाही. कारसाठी जो न्याय, तो खिशातल्या वस्तूसाठी का नको?

सरकारलाही हे सुचलंय बरं का. जुलै २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरातली उपकरणं आणि गाड्या, अशी चार क्षेत्रं ठरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. सर्व्हिस, वॉरंटी, पार्ट, दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी, ही कल्पना. मग मे २०२५मध्ये भारत खेरा समितीने 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'चा अहवाल दिला. आपण त्याला दुरुस्ती-गुण म्हणू. वस्तू उघडायला किती सोपी, पार्ट किती दिवसांत मिळतात, कुठली हत्यारं लागतात, माहिती दिलीय का, सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं, यावरून गुण द्यायचे आणि ते गिऱ्हाइकाला दिसतील असे छापायचे.

हे ऐकून कुणी म्हणेल, गुण छापून काय होणार? मला वाटतं, होतं. फ्रिज आणि एसीवरचे स्टार आठवा. ऊर्जाबचतीची ती योजना २००६मध्ये आली. आज माझी आत्यासुद्धा एसी घेताना आधी विचारते, 'किती स्टार?' कॉम्प्रेसर म्हणजे काय ते तिला माहीत नाही. पण तीन आणि पाचमधला फरक कळतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून फोन, लॅपटॉप वगैरेंवर असे दुरुस्ती-गुण लावायला सुरुवात झाली. युरोपियन युनियनने तर पुढे जाऊन जून २०२५पासून नव्या स्मार्टफोनसाठी नियमच केले. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे पार्ट मिळाले पाहिजेत आणि किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट. म्हणजे त्याच कंपन्या, तेच फोन, पण तिकडच्या गिऱ्हाइकाला जे लिहून मिळतं, ते इकडच्या गिऱ्हाइकाने हात जोडून मागायचं, असं का म्हणून?

रूममेटला मी हे सगळं एका दमात ऐकवलं. हेडफोन काढून ऐकलं तिने, हे विशेष. मग तिने जो मुद्दा काढला, तो मला खोडता आला नाही. "सगळं ठीक. पण तुझ्या फोनला सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत आहे? यावर तू बँकिंग करतेस, यूपीआय करतेस, ओटीपी येतात. बॅटरी नवी घातलीस, पण कुलूप जुनं राहिलं तर?"

मी सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलं. शेवटचा अपडेट आठ महिन्यांपूर्वीचा. कंपनीच्या लेखी माझा फोन आधीच रिटायर झालेला!

म्हणजे नुसता गोंद हाच व्हिलन नाही. हार्डवेअर ठणठणीत असताना फोन सॉफ्टवेअरने मारता येतो, आणि ते मरण दिसतही नाही. म्हणून मी ठरवलंय, हा फोन रेकॉर्डर, कॅमेरा, गाणी यासाठी वापरायचा. पैशांचे व्यवहार पुढेमागे दुसऱ्या फोनवर न्यावे लागणार. तो दुसरा फोन मी घेणार आहे. पण डोळे उघडे ठेवून.

कारण फेकलेलं कुठे जातं, तेही एकदा बघायला हवं. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीचा कुठेतरी जाळला, पुरला, फोडला जातो. आणि फोनचं पर्यावरणाला होणारं ओझं बरंचसं तो तयार होतानाच होतं, आपण चार्ज करताना नाही. म्हणजे फोन एक-दोन वर्षं जास्त वापरणं, हा कापडी पिशवीपेक्षा मोठा 'ग्रीन' फंडा आहे. इन्स्टावर टाकता येत नाही, एवढाच त्यात लोच्या!

तर मंडळी, काही गोष्टी मी बाराशे रुपयांत शिकले, तुम्हाला फुकट देते. फोन दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्या. (आजच घ्या. हा पॅरा वाचून झाल्यावर लगेच.) सिम काढून घ्या, आणि फोनमध्ये 'रिपेअर मोड' असेल तर तो लावा, म्हणजे तुमचे फोटो कुणी चाळत बसणार नाही. बॅटरी बदलताना समोर उभं राहा, बिल घ्या, त्यावर पार्टची वॉरंटी लिहून घ्या. वॉरंटीतला फोन असेल तर मात्र आधी कंपनीकडेच जा. आणि कुणी दाद देत नसेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तो लावायला लाजू नका.

नवा फोन घेताना फक्त तीन प्रश्न. याची बॅटरी बदलायला किती पैसे पडतील? पार्ट किती वर्षं मिळतील? सॉफ्टवेअर अपडेट कुठल्या सालापर्यंत?

गेल्या रविवारी आम्ही दोघी मॉलमध्ये गेलो होतो. रूममेटच्या फोनला दोन वर्षं झाली ना, पडदे बदलायची वेळ! सेल्समन सुसाट सुटला होता. कॅमेरा इतका, प्रोसेसर तितका, चार्जिंग अमुक मिनिटांत. त्याने श्वास घेतला तेव्हा मी तोंड उघडणार, तोच रूममेटने विचारलं, "याची बॅटरी बदलायला किती लागतात?"

मी बघतच राहिले.

सेल्समन थबकला. त्याने टॅबवर शोधलं. मग शेजारच्याला विचारलं. मग दोघं मिळून मॅनेजरकडे गेले. मॅनेजर आले, त्यांनी कुणालातरी फोन लावला, बराच वेळ 'होल्ड'वर राहिले आणि शेवटी ओशाळून म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? आजपर्यंत हे कुणी विचारलंच नव्हतं."

"मग लिहून ठेवा," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी परत येतो."